दोन खुर्च्यांची खोली

नाना चौलकरांनी आमच्या लग्नाच्या लाडवांत सळई खुपसली होती, ही गोष्ट माझी बायको सुमती मरेपर्यंत विसरायची नाही. ती नवी नवरी म्हणून घरात आली, त्याच दिवशी नाना शेजारधर्माने भेटायला आले. माहेरून आलेला लाडवांचा डबा त्यांनी स्वतःच उघडला, कोटाच्या खिशातून विणायच्या सुईएवढी लोखंडी सळई काढली आणि वरच्या लाडवातून थेट तळापर्यंत घातली. मग तिचं टोक नाकाशी नेऊन म्हणाले, "ठीक आहे. बेसनच आहे."

नाना मुरुडच्या आळीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. संस्थानाच्या काळात ते आगरदांड्याच्या जकात नाक्यावर कारकून होते. मचव्यातून उतरणाऱ्या प्रत्येक पोत्यात आणि वळकटीत सळई घालायची आणि विचारायचं, "आत काय आहे?" पुढे संस्थान विलीन झालं, नाका बंद पडला, पण नानांनी सळई काही परत केली नाही. कोळणीची पाटी, बाजारातला फणस, पाहुण्यांची उशी, कशाचीच तिच्यापासून सुटका नव्हती. मी शाळामास्तर. मी रस्त्यात नुसता नमस्कार केला, तरी चार पावलं पुढे जाऊन ते वळून बघायचे. मास्तर आज नमस्कार का करतोय?

त्यांच्या पत्नी म्हणजे काकू. रामनवमीला देवळात पाळणा म्हणायचा तो काकूंनीच. त्यांचा आवाज लागला की बाहेर विडी ओढत बसलेले पुरुषसुद्धा आत येऊन बसत. पण दोन-तीन वर्षांपासून त्यांनी पाळणा सोडला होता. "घसा बसलाय," असं नाना सांगायचे. काकूंच्या वतीने हल्ली सगळं नानाच सांगायचे. सुमतीने काकूंना काही विचारलं की त्या नुसत्या हसायच्या आणि नाना मध्ये पडायचे, "तिला काय विचारता? मला विचारा."

"बाईला तोंड म्हणून उघडू देत नाही हा माणूस," सुमती म्हणायची. तिचा नानांवरचा राग लाडवांपासूनचाच होता, त्यामुळे मी फारसं मनावर घेतलं नाही.

अशा नानांनी रेडिओ घ्यायचं ठरवलं. आळीत तोवर कुणाकडेही रेडिओ नव्हता. नानांच्या ओटीवर कोण कुठे बसणार हेही लोकांनी परस्पर ठरवून टाकलं. नानांना मात्र आधी रेडिओसाठी खोली हवी होती, आणि ती निवडायला त्यांनी मला बोलावलं.

"ओटीवर ठेवा की," मी म्हटलं.

"रस्त्याने जाणारा प्रत्येक माणूस थांबेल."

"माजघरात?"

"मागे विहीर आहे. बायकांना पाणी भरायला आधीच वेळ लागतो."

"मग माळ्यावर."

"उंचावरून आवाज लांब जातो, मास्तर. पार समुद्रापर्यंत."

"समुद्रावर कोण बसलंय ऐकायला?"

"तेच तर आपल्याला माहीत नाही," नाना म्हणाले.

शेवटी त्यांनी भाताची कोठी पसंत केली. घराच्या आमच्या बाजूच्या कोपऱ्यात काळोखी खोली आणि रस्त्याच्या बाजूला एकच झरोका. दाऊद मिस्त्रीने झरोका फळ्यांनी बंद केला, भिंतींना आतून लाकडी तक्तपोशी केली आणि मधल्या पोकळीत नानांनी नारळाचा काथ्या ठासून भरला. आमच्याकडे गाद्यांतसुद्धा एवढा काथ्या घालत नाहीत.

"नाना, ही करमणुकीची खोली हाय का तिजोरी?" दाऊदने विचारलं. "माणसाला वारा तरी येऊ द्या."

"तू खुर्च्यांचं बघ. दोन कर."

"दोनच? आन् पाव्हणे आले तर?"

"म्हणूनच दोन," नाना म्हणाले.

मग तपासणी सुरू झाली. मी रस्त्यावर उभं राहायचं आणि नानांनी खोलीत पितळी परात बडवायची. बडवून झाली की बाहेर येऊन विचारायचं, "ऐकू आलं?" आलं म्हटलं की आणखी काथ्या. असं बरेच दिवस चाललं. शाळेत मुलं मला परातीबद्दल विचारू लागली. अखेर एका संध्याकाळी मला खरोखरच काही ऐकू आलं नाही.

"आलं नाही म्हणताय, की खरंच आलं नाही?" नानांनी विचारलं. मग दाऊदच्या हातात परात देऊन ते स्वतः भिंतीला कान लावून उभे राहिले. माझ्या शब्दावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मुंबईहून रेडिओ आला तो गोधडीत गुंडाळून. त्याच्या पाठीमागच्या भोकांतून सळई जाणार तेवढ्यात दाऊदने नानांचा हात धरला, म्हणून तो वाजला तरी. आता तो वाजला हे आम्ही अंदाजाने म्हणायचं. बाहेर हूं की चूं नाही. सुपारीच्या झाडाला एरियलची तार दिसायची, दिवेलागणीला नवरा-बायको कोठीत शिरायचे आणि दार बंद व्हायचं.

आता संशय घ्यायची पाळी आळीची होती. तारेवरून समुद्रातल्या गलबतांना खुणा जातात, असं एकजण म्हणाला. तक्तपोशीच्या मागे काथ्या नसून सोनं आहे, असं दुसरा म्हणाला. काथ्या भरताना मी डोळ्यांनी बघितला होता, तरी मलाही वाटायला लागलं की त्याच्याखाली काय होतं ते कुठे बघितलंय?

श्रावणात लाकूड फुगलं आणि कोठीचं दार नीट लागेना. तेव्हापासून संध्याकाळी आमच्या घरात रेडिओच्या घरघरीवर चढलेला नानांचा आवाज यायला लागला. शब्द कळायचे नाहीत, पण माणूस बेंबीच्या देठापासून ओरडत होता. काकूंचा आवाज मात्र एकदाही आला नाही.

सुमतीने हातातलं काम खाली ठेवलं. "काकूंना कोंडून ओरडतात ते. रोज. तुम्ही जाताय, की मी जाऊ?"

यावेळी मीही घाबरलो. तिने पातोळ्यांची ताटली माझ्या हातात दिली, जायला काही निमित्त हवं म्हणून. नानांच्या ओटीवर मी दोन हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. आत जाऊन मी कोठीचं दार ढकललं.

रेडिओ इतक्या मोठ्याने लागला होता की ताटली थरथरली. काकू खुर्ची ओढून त्याला अगदी चिकटून बसल्या होत्या आणि त्यांचा तळहात रेडिओच्या लाकडावर पालथा टेकलेला होता. दुसरा हात नानांच्या हातात. त्या हातावर नाना बोटांनी ताल धरत होते आणि काकूंच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडत होते, "आता पेटी वाजतेय! आता बाई गायला लागली! बरी गातेय! पण तुझ्यासारखी नाही!"

काकू डोळे मिटून हसत होत्या. मी ताटली घेऊन दारातच उभा होतो.

नानांची नजर माझ्याकडे गेली आणि त्यांनी रेडिओ बंद केला. हाताखालचं लाकूड गप्प झालेलं कळलं तशा काकू वळल्या. मला बघून त्यांनी पदर सावरला आणि नेहमीसारख्या हसल्या.

नाना मला ओटीवर घेऊन आले. "मोठा आवाज थोडासा पोचतो, असं डॉक्टर म्हणाले," ते खाली बघत म्हणाले. "रेडिओचा पोचतो की नाही, देव जाणे. माझा पोचतो. पण गावाला कळलं तर उद्या देवळात म्हणतील, पाळणेवाली बहिरी झाली. तिला नाही सोसायचं ते, मास्तर."

"नाना, मी कशाला कुणाला सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाऊदने दार बघितलं. "लाकूड वलं हाय, नाना. आता रंधा मारून उपेग न्हाय. ऊन पडू द्या." नानांचा चेहरा उतरला. संध्याकाळी त्यांनी मला पुन्हा रस्त्यावर उभं केलं आणि ते आत गेले. या वेळी परात नव्हती. रस्त्यावर तर नानांचा शब्द न् शब्द येत होता. दिल्लीला पाऊस होता, कुणी मंत्री कुठे गेले होते, आणि नंतर जी बाई गायली तीही काकूंसारखी नव्हती. आमच्या ओटीवर सुमती तांदूळ निवडत बसली होती. काकू ठीक आहेत, एवढंच मी तिला सांगितलं होतं; आता तिचे हात थांबले होते.

नाना बाहेर आले. "ऐकू आलं?"

"नाही," मी म्हटलं.

"नक्की?"

"मलाही नाही आलं," सुमती ओटीवरून म्हणाली.

आता मला आत पाठवून नाना स्वतः भिंतीला कान लावतील, म्हणून मी वाट बघत राहिलो. ते भिंतीकडे गेले नाहीत. बराच वेळ हातातली सळई फिरवत उभे राहिले, मग ती त्यांनी खिशात घातली. "ती एकटी बसलीय," असं म्हणून आत गेले.

मग श्रावणभर आमच्या आळीने रेडिओ ऐकला, तो नानांच्या तोंडून. सुमतीने घरोघरी जाऊन काय सांगितलं ते मी विचारलं नाही. दिवेलागणीला जो तो आपापल्या ओटीवर गप्प बसलेला असायचा. मध्येच नाना बाहेर यायचे आणि समोर दिसेल त्याला विचारायचे, "काही ऐकू येतं?" आणि तो माणूस मान हलवून म्हणायचा, "छे, काही नाही."