तापट बापाची सोयरीक

दगाआप्पांनी आयुष्यात कुणाला चापटसुद्धा मारली नव्हती. घरात पाल निघाली तरी ते तिला हळूच सुपलीत घेऊन बाहेर सोडत. पण बावीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात काढलेली. "मीठ वाढ" हेही ते असं ओरडत, की सुरतेजवळच्या भेस्तानच्या त्या चाळीत लोक दारं लावून घेत. मोठ्यानं बोलतो तो तापट, आणि तापट बापाची लेक तिखट, हा चाळीचा पक्का समज. त्यापायी योगिताची दोन स्थळं परत गेली होती.

आज बारडोलीहून तिसरं येणार होतं, आणि मुलगा, ललित, योगिताला मनापासून आवडला होता. सरलाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "आज आवाज चढावाना नही. निस्तं कुजबुजा."

पाहुणे बसले. "रस्त्यात त्रास नाही ना झाला?" दगाआप्पा ओठांतल्या ओठांत म्हणाले.

मुलाचे वडील राघो साखर कारखान्यात जन्मभर उसाच्या चरकापाशी उभे राहिलेले. कान केव्हाच गेले होते, पण त्यांना ते मान्य नव्हतं. "काय म्हनतस?" ते गरजले.

पाहुणा चिडला असं वाटून दगाआप्पांनी आवाज आणखी खाली नेला. राघोंनी आणखी वर नेला. आत सरलाबाईंनी भरलेली बशी परत खाली ठेवली. "सासरा भलता तापट शे व माय! तठे पोर नही देवानी."

शेवटी राघो उठलेच. "चाल रे ललित. मनमा राग दाबीसन बठनारा माणूस लै वाईट!"

योगिताचे डोळे भरून आले. ते दगाआप्पांना दिसलं मात्र, आणि त्यांच्या तोंडून बावीस वर्षांचा कारखाना बाहेर पडला. "बठा खाले! चहा पेवाशिवाय कोनी ऊठानं नही!"

राघो मटकन बसले. त्यांचा चेहरा फुलला. "आते कसं मोकळं बोलनात, व्याही!"

मग लग्नाच्या तारखेची चर्चा अशी रंगली, की शेजारच्या मालतीबाई भांडण सोडवायला धावत आल्या. सरलाबाईंनी त्यांच्या हातावर गोड घारीचा तुकडा ठेवला.

मालतीबाईंनी कोपऱ्यातल्या ललितकडे पाहिलं. "पण मुलगा एक शब्द बोलत नाही. घुमा, रागीट तर नसेल?"

"अहो मावशी, त्याला मधे शिरायला जागा तरी मिळाली का?" योगिताचा आवाज अस्सल बापावर गेलेला. सरलाबाईंनी कपाळाला हात लावला.

राघो मात्र मांडीवर थाप मारून म्हणाले, "पोर पसंत शे! आमना घरमा सगळा कुजबुजतस."