मंगळावरच्या मळ्याचं शेवटचं पान

विज्ञानकथांच्या बाबतीत अख्ख्या कोल्हापुरात मला हरवणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी भांडी घासताना स्वतःला कितीतरी वेळा सांगितलंय आणि एकाही पातेल्यानं आजवर आक्षेप घेतलेला नाही. त्यामुळे उल्का विज्ञानकथाप्रेमी मंडळात जायचं ठरलं, तेव्हा मी अगदी निर्धास्त होते.

हे मंडळ मंगळवार पेठेत एका तालमीच्या माडीवर भरतं. खाली लाल मातीत पोरं एकमेकांना लोळवत असतात आणि वर आकाशगंगा! जिन्यापाशी डिजिटल, म्हणजे फ्लेक्सचा फलक आहे. त्यावर सगळे सभासद शनीच्या कड्यावर ओळीनं बसलेत, आणि सूर्य तिथून इतका लांब असूनही सगळ्यांना गॉगल आहेत. नियमही तालमीचेच. अध्यक्षाला वस्ताद म्हणायचं. नवा माणूस आला की त्याची जोड लावायची, म्हणजे जुन्या सभासदानं सवाल टाकायचे आणि नव्यानं ते परतवायचे. जिंकला तर फेटा बांधतात आणि कपाट उघडून देतात.

मला फेटा नको होता. मला कपाट हवं होतं.

सातवीत असताना शिरोळला आमच्याकडे 'प्रकाशवर्ष' नावाचं मासिक यायचं. त्यात 'मंगळावरचा मळा' ही क्रमशः कादंबरी होती. तिची नायिका कॅप्टन यमुना मंगळावर ऊस लावते. शेवटून दुसऱ्या भागात तिच्याकडे एकाच उड्डाणाचं इंधन उरतं, मातीत एकच कांडी उरते, ती यानाच्या दांड्याकडे हात नेते... आणि खाली छापलेलं, पुढील अंकी समाप्त! पुढच्या महिन्यात कृष्णेचं पाणी पोस्टाच्या पायरीपर्यंत आलं. अंक आला नाही आणि मासिकही बंद पडलं. मग माझं लग्न झालं, ढबी झाली, तिला दोन दातही आले, पण यमुनाचा हात आपला दांड्याकडे गेलेलाच! आणि तो शेवटचा अंक उल्का मंडळाच्या कपाटात आहे, असं मला कळलं होतं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं माडी चढलो. मी पुढं, मागून ढबीला कडेवर घेऊन राजवीर. राजवीर म्हणजे माझे यजमान. शिरोली एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे, तिथं ते पंपाच्या बॉड्या ओततात. घरात ते फक्त गॅसचं पुस्तक वाचतात.

"या की पावणं!" वस्ताद विजयसिंह माझ्या डोक्यावरनं राजवीरला म्हणाले. "वहिनी, तुमी तिकडं पंख्याखाली बसा. बाळाला वारं लागंल."

"सभासद मला व्हायचंय," मी म्हटलं.

खाली कुणीतरी आपटल्याचा धप्प आवाज आला.

"तुमाला?" वस्ताद म्हणाले. "म्हंजे पावण्यांबरोबर जोडीनं?"

"नाही. मला एकटीला. हे काही वाचत नाहीत."

"खरं हाय," राजवीर म्हणाले. "मी कायबी वाचत न्हाय."

"बघा!" वस्ताद सभासदांकडे वळले. "ह्येला म्हंत्यात जुना वाचक! वाचायचं आता शिल्लकच न्हाय ऱ्हायलं! पावणं, काम काय करता?"

"पंपाच्या बॉड्या ओततो."

"प्रोपल्शन!" केतन नावाचा एक तरुण ओरडला. त्याच्या टी-शर्टवर रॉकेट होतं आणि ते त्याच्या पोटावरून अवघड कोनात उडत होतं. "वस्ताद, प्रॅक्टिकलवाला माणूस हाय! ह्यांची काय जोड लावायची?"

"छ्या! ह्यांची जोड लावणं म्हंजे अपमान हाय. वहिनींची मात्र लावाय लागंल. नियम म्हंजे नियम."

मी पदर खोचला. सलामी म्हणून केतननं माझ्याशी हात मिळवायला हात पुढे केला, मग वहिनी आहे हे आठवून नमस्कार केला, आणि सवाल सुरू झाले.

"प्रकाशाचा वेग?"

सांगितला.

"यमुनाच्या यानाचं नाव?"

"गोदा. पण तिसऱ्या भागात मुद्रितशोधकानं गादी केलंय."

"तिच्या हेल्मेटचा रंग?"

"आधी पांढरा, नंतर पिवळा. चित्रकार बदलला."

केतनला घाम फुटला. त्यानं वस्तादांच्या कानात म्हणून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पावण्यांनी पाठ करून घेतलंय हो!"

"मी?" राजवीर दचकले. "मला तर आत्तापातूर यमुना म्हंजे हिची शिरोळची मावशी वाटत हुती."

माडी हसून हसून पडायची बाकी राहिली. वस्तादांनी डोळे पुसले. "नाद खुळा पावणं! एवढं ज्ञान आणि एवढा विनोद! अरे, फेटा आणा फेटा!"

फेटा आला. फेटा बांधायचा म्हणजे मान ताठ आणि हात मोकळे हवेत. म्हणून राजवीरनी ढबीला हळूच गादीवर ठेवलं. वाचकहो, ही गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. मी ठेवली नाही.

कारण केतननं तेवढ्यात शेवटचा डाव टाकला. "वहिनी, 'मंगळावरचा मळा' संपतो कसा?"

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "तेच वाचायला आलेय."

"चितपट!" केतन उडालाच. "शेवट ठावं न्हाय आणि म्हंत्यात मी वाचक!"

"बरं, मग तुम्ही सांगा."

"सोपं हाय. ती तितंच ऱ्हाती."

"खुळा हैस का? ती परत येती!" वस्ताद म्हणाले.

"ती मरती," मागून सयाजी नावाचे एक गंभीर सभासद म्हणाले.

मग जे भांडण लागलं, त्यापुढे खालची कुस्ती म्हणजे भातुकली! केतननं वस्तादांना 'पृथ्वीवादी' म्हटलं. सयाजींना कुणीतरी अपशकुनी म्हटलं. शेवटी वस्ताद गरजले, "अंक काढा!" कपाट उघडलं. अंक बाहेर आला. प्लास्टिकच्या पिशवीत, चारी बाजूंनी पिना मारलेला, कोरा करकरीत!

"हा कुणी उघडलाच नाही?" मी विचारलं.

"उघडल्यावर खराब हुतो की," वस्ताद समजावत म्हणाले. "असले अंक जपायचे असत्यात, वहिनी. वाचायचे नसत्यात."

पिशवी फोडावी की न फोडावी यावर पुन्हा वाद पेटला. अंक गादीवर टेकवून सगळे हातवारे करू लागले. राजवीर फेट्यात अडकले होते. मी सभासदांची तोंडं बघत होते.

टर्रर्र!

आपल्या लेकराची शांतता आईला आधी कळते म्हणतात. मला कळली नाही. ढबी गादीवर बसून मन लावून चघळत होती. पिशवी फाटून बाजूला पडली होती, चारी बाजूंच्या पिना जागच्या जागी, आणि शेवटच्या पानाचा बराचसा भाग पोटात! मी बोट घातलं. दोन नवे दात बोटावर बसले. बाहेर आला तो एक ओला चिटोरा. त्यावर लिहिलं होतं: 'समा'.

मी अंक उचलून तिथंच वाचायला सुरुवात केली. कुणी अडवलं नाही, सगळे डोक्याला हात लावून बसले होते. पाचच पानं होती. वारा सुटला होता, कांडीला कोंब आला होता, 'यमुनानं दांडा मुठीत धरला आणि', पुढं दातांच्या खुणा.

एवढी वर्षं थांबले आणि पोटच्या पोरीनं माझ्या आधी शेवट गाठला! रागवायला म्हणून तिला उचललं, तर तिनं माझ्या गळ्यात तोंड खुपसून ढेकर दिला. कागदाचा वास येत होता.

"आता भरपाई काय?" वस्ताद म्हणाले.

"ही लिहील की," नव्या फेट्यातून राजवीर म्हणाले. "घरी लिहीत असती सारखी."

वस्तादांनी विचार केला. "चालंल. पण पावणं, तुमच्या देखरेखीखाली."

ते पान मी आठवडाभर लिहिलं. दुपारी पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची आणि ओट्याशी बसून एकेक ओळ लिहायची. वाक्य जमलं की पाय थांबायचा आणि पाय थांबला की ढबी रडायची. त्यामुळे चांगली वाक्यं फार थोडी झाली. माझी यमुना दांडा ओढते. पण त्याआधी हेल्मेटमधलं प्यायचं पाणी कोंबाला घालते आणि त्याला सांगते, मी आले हं. त्या वेळची देखरेख सांगायची तर राजवीर जेवून घोरत होते.

पुढच्या रविवारी वस्तादांनी पान वाचलं. दोनदा वाचलं. मग चष्मा काढून राजवीरचा हात धरला. "काय लिहिलंय पावणं! हुबेहूब मूळची शैली!"

"आईच्यान सांगतो, हिनं लिहिलंय."

"किती हा नम्रपणा!" केतन गहिवरला.

पान अंकाला जोडलं. अंक नव्या पिशवीत गेला, चारी बाजूंनी पिना बसल्या आणि पिशवी कपाटात.

"थांबा थांबा!" मी ओरडले. "दुसऱ्या ओळीतला एक शब्द बदलायचाय!"

"सभासदाशिवाय कुणाला हात लावू देत न्हाय, वहिनी," वस्ताद मायेनं म्हणाले. "नाराज हू नका. तुमची जोड दिवाळीनंतर परत लावू. पण या वक्ताला तरी शेवट वाचून या की!"

तेव्हा सध्या अभ्यास चालू आहे. मूळ शेवट ढबीला ठाऊक आहे, पण ती अजून 'बा'च्या पुढं बोलत नाही. नवा शेवट पाहायची परवानगी घरात एकट्या राजवीरना आहे. काल मी त्यांना कपाट उघडून तो शब्द तेवढा बदलून आणा म्हटलं, तर म्हणाले, "बदलतो की. पण अगं, ती यमुना नेमकी कोण?"