माइक अण्णांचा, बटण बाळूकाकांचं

आमचे रंगनाथअण्णा चहासुद्धा जाहीर करतात. सकाळी त्यांच्या घरी गेलं की आत कपबशीचा आवाज होतो आणि अण्णा खुर्चीत ताठ बसतात. समोर माइक नसला तरी मूठ तोंडाजवळ नेतात. "उपस्थितांची प्रतीक्षा संपवीत, स्वयंपाकघरातून आगमन होत आहे आल्याच्या चहाचं! चहाचं मी यजमानांच्या वतीनं मनःपूर्वक स्वागत करतो!" मग चहा येतो. तो आणतात बाळूकाका. कप ठेवतात, अण्णांच्या मुठीवर हलकी चापट मारून ती खाली करतात आणि आत जातात.

अण्णा लग्नातले निवेदक आहेत. जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या वाचकांना हे पद समजावून सांगावं लागेल. लग्न लावायला जसा भटजी लागतो, तसा आमच्याकडं लग्न लांबवायला निवेदक लागतो. मुहूर्त बारा पस्तीसचा असतो आणि बारा पस्तीसला निवेदक जेमतेम माजी सरपंचांपर्यंत आलेला असतो. पुढं सोसायटीचे चेअरमन, डेअरीचे संचालक, पतसंस्थेचे संस्थापक, नवरदेवाच्या आत्याचे व्याही. तोवर नवरा-नवरी घामानं भिजतात आणि लोकांच्या मुठीतल्या अक्षता ओल्या होतात. आमच्या वस्तीतली लग्नं बुद्धवंदनेनं लागतात, पण नावांची यादी तिथंही तेवढीच लांब. ज्याचं नाव राहिलं तो न जेवता जातो आणि वर्षभर तोंड फिरवतो.

अण्णांचं म्हणणं असं, की नाव घेतलं तरच माणूस आला. "मांडवात हजार माणूस बसलंय, पर ते नुसतं बसलंय. मी नाव घेतलं की ते आलं!" माइकवर ते शुद्ध, जड मराठी बोलतात आणि माइक खाली ठेवला की आपल्या ओतूरच्या बोलीत येतात. मधल्या मध्ये कधीकधी घोटाळा होतो. एकदा 'आदरणीय, वंदनीय, सहकारमहर्षी' म्हणता म्हणता त्यांना ठसका लागला आणि पुढचं वाक्य "पाणी दे रं बाळू" असं सगळ्या मांडवानं ऐकलं.

बाळूकाका म्हणजे मंडप आणि साउंडवाले. माइक अण्णांचा, पण त्याचं बटण बाळूकाकांच्या हातात. अण्णा विशेषणांच्या फारच मागं लागले की बाळूकाका कोपऱ्यातून आवाज हळूहळू उतरवत नेतात. अण्णांचे ओठ हलत राहतात, आवाज गायब होतो आणि भटजी संधी साधून मंगलाष्टकं सुरू करतात. तालुक्यातल्या कित्येक नवरा-नवरींची सुटका बाळूकाकांच्या त्या दोन बोटांनी केली आहे. अण्णा नंतर भांडतात. "तू माजा अपमान केला, बाळ्या! अजून दोन चेअरमन राहिलं व्हतं!" बाळूकाका वायर गुंडाळत म्हणतात, "भूक लागली व्हती लोकांना."

मी अण्णांचा ऋणी आहे, ते एका दुपारमुळं. माझे वडील बाजारात हमाली करायचे. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. निकालाच्या दिवशी गावात दुसऱ्याच कुणाचं तरी लग्न होतं. वडिलांनी पेढा द्यायला म्हणून अण्णांना गाठलं, तर अण्णांनी कारखान्याच्या संचालकांना मध्येच थांबवून जाहीर केलं, "आपल्या गावचे सुपुत्र बी.ए. परीक्षेत घवघवीत यश मिळवून उपस्थित आहेत. त्यांना पुढं खुर्ची द्यावी!" मला खरंच पुढं खुर्ची मिळाली. वडील खुर्चीमागं उभे राहिले, दोन्ही हात तिच्या पाठीवर ठेवून. मी नंतर म्हणालो, "अण्णा, सेकंड क्लास आहे हो." ते म्हणाले, "माइकवर क्लास नसतो." तेव्हापासून ते मला नावानं हाक मारत नाहीत. 'पदवीधर' म्हणतात. आज मी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे, तरी रस्त्याच्या पलीकडून "ओ पदवीधर!" अशी हाक आली की माझी मान आपोआप सरळ होते.

अण्णा आणि बाळूकाका बाजाराच्या मागं दोन खोल्यांत एकतीस वर्षं एकत्र राहतात. पुढच्या खोलीत स्पीकर, मागच्या खोलीत ते. लोक त्यांना 'भागीदार' म्हणत. मीही म्हणत असे. सीझन संपला की अण्णांचा घसा बसतो, मग बाळूकाका आठवडाभर मिरी-गुळाचा काढा करतात आणि तेवढा आठवडा घरात शांतता असते. हे सगळं मी बघत होतो, पण ग्रंथालयातली पुस्तकं रोज पुसावीत आणि एकही उघडू नये, तसं बघत होतो.

ते पुस्तक अण्णांनीच उघडलं. दिल्लीच्या मोठ्या कोर्टात समलिंगी जोडप्यांच्या लग्नाचा खटला चालला होता आणि ते कामकाज मोबाइलवर थेट दिसत होतं. अण्णांनी मला बोलावून घेतलं. मोबाइल स्पीकरला जोडलेला, काळे कोट बोलत होते आणि दोघं समोर बसून ऐकत होते.

"बस, पदवीधर. हे काय बोलत्यात ते सांग."

"हे तुम्हाला कशाला हवंय, अण्णा?" मी सहज विचारलं.

अण्णांनी बाळूकाकांकडं बघितलं. बाळूकाकांनी आवाज कमी केला.

"आमच्या दोघांचं काम हाय ते," अण्णा म्हणाले. माइक नसताना एवढं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.

मी चहा प्यालो. कप रिकामा झाला तरी थोडा वेळ पीत राहिलो. मग खुर्ची पुढं ओढली आणि अर्थ सांगायला लागलो. माझं इंग्रजी वाचायचं, वकिलांचं धावतं. निम्मं मला कळत नव्हतं, ते मी चेहऱ्यांवरून सांगत होतो. अण्णांना कायद्यापेक्षा निवेदनात जास्त रस. "ह्यो चांगला बोलतोय. पर लई येळ घेतोय. ह्याचं बटण कुणाकडंय?" मधूनच विचारत, "म्हंजी नोंदणी होणार का?" मी म्हणायचो, "त्याचंच चाललंय." ते मान हलवायचे. "मी एवढी लग्नं लावली, पदवीधर. परत्येकाला माइकवरून सांगितलं, नोंदणी करून घ्या. एकदा आपली बी करावी म्हणतो. चार लोकांत सांगता आलं पायजे, ह्यो माजा माणूस."

काही महिन्यांनी निकाल लागला. तोही मीच सांगितला. कोर्टानं सहानुभूतीचं पुष्कळ काही म्हटलं होतं. मी ते आधी सांगून घेतलं.

"न्हाई म्हनले ना?" बाळूकाकांनी विचारलं.

"हो, पण कायदा करायचं काम संसदेचं आहे असं..."

"मोठ्या माणसांचं 'पण' लई लांब असतं," अण्णा म्हणाले. बाळूकाका उठले आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नाच्या वायरी तपासायला बसले. अण्णांनी एका वायरीचं दुसरं टोक धरलं. मग म्हणाले, "दिल्लीचं राहू दे. मंचरचं कधी व्हायचं?"

मंचरचं म्हणजे बाळूकाकांच्या घरचं. मंचरजवळच्या गावात त्यांचे थोरले भाऊ ज्ञानदेवदादा राहतात. एकतीस वर्षांत त्यांनी ओतूरच्या त्या उंबऱ्यात पाय ठेवला नव्हता. त्यांची मुलगी पूनम मात्र ओतूरच्या कॉलेजात शिकायला आली आणि तीन वर्षं दुपारचं जेवण काकांकडं जेवली. अण्णा तिच्या ताटातल्या भाजीचंही स्वागत करायचे. तिचं लग्न ठरलं तेव्हा ज्ञानदेवदादा पहिल्यांदा आले. दारातच उभे राहिले. पत्रिका बाळूकाकांच्या हातात दिली. मग अण्णांकडं न बघता म्हणाले, "तुमी निवेदनाला या. तालुक्यात तुमच्यासारखा आवाज न्हाई."

ते गेल्यावर बाळूकाका म्हणाले, "पावणा म्हणून बोलावलं न्हाई तुला. तू जाऊ नको. मी बी जात न्हाई."

"जायचं," अण्णा म्हणाले. "आपल्या पोरीचं लग्न हाय. दुसऱ्या कुणी तिचं नाव चुकीचं घेतलं म्हंजी?"

मीही गेलो. हायवेच्या कडेचं कार्यालय, बाहेर ट्रकांची रांग, आत हजारभर माणसं. ज्ञानदेवदादांनी अण्णांच्या हातात टाइप केलेला कागद दिला. "घरची नावं यात हायेत. तेवढीच घ्यायची." बाळूकाकांसाठी पुढं सोफ्यावर जागा ठेवली होती, पण ते आपल्या मशीनपाशीच बसले. बोलवायला आलेल्याला म्हणाले, "इथून आवाज नीट कळतो."

अण्णांनी त्या दिवशी सगळी नावं घेतली. मामा-मामी, आत्या-आतोबा, आजोळचे, पणजोळचे. प्रत्येकाला विशेषण, प्रत्येकाला जोडी. मग कागदावरची ती ओळ आली. "वधूचे काका, श्री. बाळासाहेब." एवढंच. ना विशेषण, ना जोडी. सरपंचाच्या पुतण्यालाही 'युवकांचे आशास्थान' म्हणणारे अण्णा तिथं थांबले, कागद उलटला आणि "यांचं स्वागत" म्हणून पुढच्या नावाकडं गेले. मी मशीनकडं बघितलं. बाळूकाकांची बोटं बटणावर होती, पण त्यांनी आवाज कमी केला नाही.

त्या दिवशी लग्न वेळेत लागलं. लोकांना आश्चर्य वाटलं.

जेवणं झाली, दुपार कलली, पाठवणीची वेळ आली. आमच्या भागात सासरी निघालेली मुलगी मोठ्यांच्या पाया पडते ती जोडीच्या. नवरा-बायको शेजारी उभे राहतात, मुलगी एकदाच वाकते. जोडीतलं एक माणूस पंगतीत असेल तर त्याला उष्ट्या हातानं उठवून आणतात. आई-वडील झाले, मामा-मामी झाले. पूनम बाळूकाकांपुढं आली आणि तशीच उभी राहिली.

"काका, अण्णा कुठंयत?"

अण्णा लांब माइकवर होते. 'चिमणी उडाली घरट्यातून' या त्यांच्या ठरलेल्या वाक्यापर्यंत आले होते.

"त्यांचं काम चाललंय, पोरी. तू पड पाया," बाळूकाका म्हणाले.

"मी थांबते."

"पूनम, गाडी खोळंबलीय," ज्ञानदेवदादा मागून म्हणाले.

"आई-वडिलांच्या एकेकट्याच्या पडले का मी?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आजूबाजूच्या बायकांनी डोळे पुसायचं थांबवलं. दादांनी तोंड उघडलं, तेवढ्यात वहिनी, म्हणजे तिची आई, पदरानं नाक पुसत म्हणाल्या, "थांबा ओ. गाडी काय पळून जाती का? बोलवा त्यांना."

मी धावलो. अण्णांच्या कानात सांगितलं. ते चिमणीपाशीच थांबले. माइक माझ्या हातात देऊन गर्दीतून निघाले. हजारो जोड्यांना फोटोसाठी उभं करणारा माणूस, 'सौभाग्यवती डाव्या बाजूला' असं दहा दहा वेळा ओरडणारा. बाळूकाकांच्या डावीकडं जाऊन उभे राहिले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, वळसा घालून उजवीकडं आले. परत डावीकडं निघाले.

"अरं, उभा राहा की कुठंबी," बाळूकाका म्हणाले आणि त्यांनी अण्णांची बाही धरली.

पूनम एकदाच वाकली. अण्णांनी आशीर्वादाला हात उचलला, तोंड उघडलं, पण काही आलं नाही. बाळूकाकाच म्हणाले, "सुखानं राहा." वहिनी रडत होत्या. ज्ञानदेवदादा ड्रायव्हरला उगीचच काहीतरी सांगायला गेले. पण ते माणसं बाजूला करीत गेले, आणि त्या दोघांपाशी आल्यावर वाट वाकडी करून गेले, दोघांच्या मधून नाही.

परत येताना टेम्पोत मागं स्पीकर आणि पुढं आम्ही तिघं. बाळूकाका चालवत होते. मंचर मागं पडलं तरी अण्णा मागंच बघत होते. मग म्हणाले, "फोटोवाल्यानं काढला का रं?"

मी बघितलं होतं. फोटोवाला तेव्हा गाडीवरची फुलं टिपत होता.

"नाही, अण्णा."

"हां." ते बाहेर बघत राहिले. उन्हं उतरली होती, कांद्याच्या शेतात पाणी सोडलं होतं. "पर तू बघितलं ना?"

"बघितलं की. अगदी जवळून."

अण्णांनी बोटं मोजली, मनाशी काहीतरी हिशेब केला. "नोंदणीला साक्षीदार तीन लागत्यात, पदवीधर. उद्या कायदा झाला तर ऐन टायमाला धावपळ नको. तुजी सही धरतो."

"धरा."

"पुरं नाव लिहायचं. आणि खाली बी.ए."

"सेकंड क्लास लिहू का?" मी विचारलं.

बाळूकाका गाडी चालवता चालवता हसले. अण्णा हसले नाहीत. ते आणखी दोन नावांचा विचार करत होते. "वहिनी करतील का रं सही?" त्यांनी विचारलं, मला नव्हे, बाळूकाकांना. बाळूकाकांनी गिअर बदलला आणि म्हणाले, "इचारू."