ब्रेक झिजतात

"म्हणजे गाडी तुम्हाला डोंगरावर नेऊन सोडते आणि तुम्ही सायकलवरून खाली येता," सासरे म्हणाले. "आणि याचा पगार मिळतो."

"एकटा नाही येत, बाबा. पाहुण्यांना घेऊन येतो," जावई म्हणाला. "वाटेतली गावं दाखवतो, माहिती सांगतो."

"खाली तर दगडही येतो, जावईबापू. त्याला कोणी पगार दिलेला मी पाहिला नाही."

जावई सोफ्यावर अवघडून सरकला, तसा सोफा करकरला. सोफा घरात आला तेव्हा त्यावर जे प्लास्टिक होतं, ते बारा वर्षं झाली तरी अंगावरच होतं. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता आणि पिशवीचं तोंड रबराने बांधलेलं होतं. सासऱ्यांचं हार्डवेअरचं दुकान. चाळीस वर्षं खिळे, नळ आणि बिजागऱ्या विकून त्यांना आयुष्याचं एकच सार हाती लागलं होतं, ते म्हणजे वापरलेली वस्तू झिजते. म्हणून ते होता होईल तो काही वापरतच नसत.

दुकानाला वारस म्हणजे एकुलती एक मुलगी, आणि ती नर्स होती. तेव्हा दुकानाच्या गल्ल्यावर जावयाने बसावं हा विषय दर रविवारी जेवणानंतर निघायचा. आजपर्यंत जावयाने तो हसण्यावारी नेला होता. या रविवारी मात्र बायकोनेच निकाल लावला.

"बाबा, तुम्ही एकदा यांच्याबरोबर जाऊन या," ती म्हणाली. "काम बघा. पटलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही पटलं तर हे पहिल्या तारखेपासून दुकानात येतील."

"मला विचारलंस का?" जावयाने हळूच म्हटलं.

"आता विचारते. चालेल ना?"

सासरे समोर बसलेले. नाही म्हणावं तर आपल्याच कामाचा आपल्याला भरवसा नाही असं व्हायचं. जावयाने मान डोलावली. त्या दुकानातली खिडकी नसलेली ती जागा, प्लास्टिक घातलेली ती खुर्ची आणि दिवसभर "पाऊण इंची आहे का?" असं विचारणारी माणसं त्याच्या डोळ्यांपुढे आली. त्याचं या उतारावर खरोखर प्रेम होतं. एकोणीस किलोमीटरचा तो रस्ता, दोन्ही बाजूंची दाट झाडी आणि कानांवरून जाणारा वारा, एवढं मिळत असेल तर त्याला आयुष्यात आणखी काही नको होतं.

फक्त या कामातली एक गोष्ट त्याने बायकोलाही सांगितलेली नव्हती.

वाटेत तीन गावं लागत. पहिल्या गावात एक जण माडावरून नारळ उतरवताना दिसायचा, दुसऱ्यात कुंभार हाताने चाक फिरवताना, तिसऱ्यात एक आजी टोपली विणताना. "बघा, आपण अगदी वेळेवर आलो," असं जावई प्रत्येक ठिकाणी म्हणायचा आणि पाहुणे खूश व्हायचे. ते वेळेवर येत होते याचं कारण जावयाच्या सायकलची मोठी पितळी घंटी. गावाच्या वरच्या वळणावर तो ती तीनदा वाजवायचा आणि पाहुण्यांना दहा मिनिटं दरी दाखवत उभं करायचा. तेवढ्यात खाली माडवाला माडावर चढायचा, कुंभार चाकावर बसायचा आणि आजी टोपली मांडीवर घ्यायची. डोंगरात मोबाइल लागत नसल्यामुळे सगळा कारभार त्या घंटीवर चालला होता.

ठरलेल्या दिवशी माथ्यावर पाच जण उतरले. एक नवं जोडपं, वहीत सगळं टिपून घेणाऱ्या एक शिक्षिका, जावई आणि सासरे. सासऱ्यांचं वजन पाहता भाड्याच्या सायकली त्यांच्यापुढे किडमिड्या वाटत होत्या. शिवाय आज त्यांचा मान राखायचा होता. जावयाने मोठ्या मनाने आपली स्वतःची दणकट सायकल त्यांच्या हाती दिली. घंटी त्या सायकलवर आहे, हे त्या क्षणी त्याच्या ध्यानात आलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत यायचं," त्याने सगळ्यांना सांगितलं. "गाडीचा वेग वाढू द्यायचा नाही."

सासऱ्यांनी ब्रेकच्या रबरावर नख फिरवून पाहिलं. "नवी आहेत."

"कालच घातली, बाबा. खास तुमच्यासाठी."

"असं दाबत गेलं तर संध्याकाळपर्यंत अर्धी होतील."

"झिजण्यासाठीच असतात ती."

"गिऱ्हाइकाला मीही हेच सांगतो," सासरे म्हणाले आणि सायकलवर बसले.

पहिल्या वळणापर्यंत सगळं ठीक होतं. तिथे नव्या नवरीची चेन पडली. जावई चेन बसवायला खाली वाकला, तेवढ्यात एक भारदस्त सावली त्याच्या बाजूने सुसाट निघून गेली.

"बाबा, ब्रेक," तो ओरडला.

"रस्ता मोकळा आहे," असं उत्तर वाऱ्यावर आलं. मग सासरेही दिसेनासे झाले आणि उत्तरही.

"तुमचे सासरे छान चालवतात हो," शिक्षिका म्हणाल्या आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

जावयाचे हात काळे झाले होते, आता तोंडही उतरलं. पाहुण्यांना सोडून पुढे जाता येत नव्हतं, तो कंपनीचा पहिला नियम होता. वळणावर आल्यावर सवयीने त्याचा अंगठा घंटीकडे गेला आणि तिथे घंटीच नाही हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा मात्र त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्या गावात ते पोचले तेव्हा सासरे माडाखाली हात मागे बांधून उभे होते. माडवाला अर्ध्या माडावर लटकलेला होता आणि त्याच्या कमरेला एक नारळ बांधलेला होता.

"तुम्ही उतरताय की चढताय?" शिक्षिकांनी विचारलं.

माडवाल्याने जावयाकडे पाहिलं. जावयाने आभाळाकडे पाहिलं.

"चढतोय," सासरे म्हणाले. "मीही तेच विचारलं. खरे नारळ गेल्या आठवड्यातच उतरवून झाले. हा एक ठेवलाय, तो रोज वर नेतो आणि खाली आणतो. याच झाडावर राहूनही त्याच्याइतका प्रवास दुसऱ्या नारळाने केला नसेल."

नवा नवरा हसला. जावयालाही हसायचं होतं, पण ते जमेना.

"ते राहू द्या," सासरे वर बघत म्हणाले. "तुमच्या पायातला तो दोर बघा आधी. दोन पदर तुटलेत. मी चाळीस वर्षं दोर विकतोय. हा आठवडा काढणार नाही तो. खाली या."

माडवाला खाली आला. दोर बोटांनी चाचपून पाहिल्यावर त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन मुलांचा बाप होता तो. सासऱ्यांनी खिशातून छोटा स्क्रू ड्रायव्हर, पक्कड आणि तारेचं वेटोळं काढलं आणि सगळ्यांसमोर दोराची गाठ नव्याने बांधून दिली. वर "ही तात्पुरती आहे, नवा दोर पाठवतो" असंही सांगितलं. शिक्षिका भराभर लिहीत होत्या. त्या काय लिहितायत हे वाचायची जावयाची हिंमत झाली नाही.

"बाबा, आपण सायकली बदलू या," त्याने सासऱ्यांना बाजूला घेऊन म्हटलं.

"कशाला? ही छान पळते."

"मग निदान पुढच्या वळणावर तीनदा घंटी वाजवा."

"रस्त्यावर चिटपाखरू नाही. उगाच स्प्रिंग कशाला झिजवायची?" सासरे म्हणाले आणि निघालेसुद्धा.

दुसऱ्या गावात तर कळसच झाला. कुंभाराचं हाताने फिरवायचं चाक अंगणात होतं, पण त्यावर धुतलेले कपडे वाळत घातले होते. आत टीव्ही चालू होता. कुंभार नुसत्या बनियनमध्ये विजेच्या चाकापुढे अर्धं घडवलेलं मडकं घेऊन बसला होता आणि शेजारी सासरे त्या चाकाचं बटण उघडून बसले होते.

"ठिणग्या उडत होत्या," त्यांनी मान वर न करता सांगितलं. "ओल्या हाताने लावतो हा बटण. नशीब म्हणून आज मडकी घडवतोय."

जावयाने शेवटचा प्रयत्न केला. "मंडळी, या घरात सात पिढ्या हाताच्या चाकावर..."

"सहा," कुंभार म्हणाला. "सातव्या पिढीची पाठ गेली. दादा, आता लपवून काय उपयोग? यांनी कपडे बाजूला करून चाक पाहिलं, म्हणाले दोन वर्षं तेल नाही याला."

मग नवीन जोडप्याने विजेच्या चाकावर हात मारून पाहिला. दोघांनी मिळून घडवलेली वस्तू मडकं होती की ताट, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कुंभाराच्या बायकोने शिक्षिकांना टीव्हीवरच्या मालिकेची मागची सगळी गोष्ट सांगितली आणि खलनायिकेवरून दोघींचं एकमत झालं. दहा मिनिटांचा मुक्काम पाऊण तासावर गेला. जावई ओट्यावर बसून पहिली तारीख किती दिवसांवर आली ते मोजत होता. एवढ्यात सासरे पुन्हा गायब झाल्याचं त्याच्या लक्षात आलं.

तिसऱ्या गावात आजी जी टोपली विणायची, ती एकच होती. तीन दिवस लागतात एका टोपलीला, असं जावई सांगायचा. प्रत्यक्षात तीच टोपली आजी दोन वर्षं सकाळी विणत होती आणि संध्याकाळी उसवत होती. ते पोचले तेव्हा टोपली आजींच्या मांडीवर होती, समोर सासरे मांडी घालून बसले होते आणि टोपलीचा काठ त्यांनी पक्कडीत धरला होता. बिंग एकदाचं फुटलं की माणसाला एक प्रकारची शांतता मिळते, ती त्याला मिळाली होती.

"काठ वळायला डोळे लागतात, ते माझे राहिले नाहीत," आजी पाहुण्यांना सांगत होत्या. "म्हणून इथवर यायचं आणि उसवायचं. हे म्हणाले, मी धरतो, तुम्ही हातांनी वळा."

"ओढा आता," सासरे म्हणाले. "पुढची काडी देतो."

अर्ध्या तासाने काठ पुरा झाला. आजींनी टोपली हातात फिरवली, काठावरून सगळीकडे बोट फिरवून पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. मग एकदम म्हणाल्या, "आता उद्या काय विणू?"

"दुसरी," सासरे म्हणाले. "मी येतो धरायला."

हे वाक्य जावयाने ऐकलं होतं, पण त्याचा अर्थ त्याला तेव्हा कळला नाही.

खाली नदीकाठी कंपनीचे मालक पाहुण्यांच्या शेऱ्यांची वही घेऊन उभे होते. शिक्षिकांनी आजींकडून विकत घेतलेली टोपली हँडलला अडकवून आणली होती. त्यांनी दोन पानं भरून लिहिलं. जोडप्याने त्यांच्या त्या वस्तूसकट फोटो काढून घेतला. मालकांनी वही वाचली, जावयाकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं आणि सासऱ्यांना चहाला आत नेलं. जावई बाहेर सायकली पुसत उभा राहिला. त्याच्या सायकलची ब्रेकची रबरं कोरी करकरीत होती.

घरी आल्यावर बायकोने दारातच विचारलं, "मग बाबा? पटलं का काम?"

सासरे सोफ्यावर बसले. सोफा करकरला.

"पटलं," ते म्हणाले.

जावयाचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "खरंच, बाबा?"

"मी समजत होतो नुसतं घसरायचं काम आहे. तसं नाही. माणसं भेटतात. प्रत्येकाचं काही ना काही मोडलेलं असतं. दुकानात मोडलेल्याचा नुसता तुकडा येतो, जावईबापू, माणूस दिसत नाही. चाळीस वर्षं मी तुकडेच बघितले." "फार चांगलं काम आहे. माझी चूक झाली."

बायकोचे डोळे भरून आले. जावयाने सासऱ्यांच्या पायांवर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"म्हणून मी तुमच्या मालकांना हो म्हणून टाकलं," सासरे पुढे म्हणाले.

"कशाला हो?"

"गुरुवार ते रविवार मी येतो म्हणून. ते म्हणाले, लोकांना अशी सहल हवी आहे, तुम्हीच घेऊन जा. नारळाचं ते सोंग बंद करायचं ठरलंय. तुमच्याकडे सोमवार ते बुधवार ठेवलेत. तेव्हा पाहुणे फारसे नसतात, पण तुमचा हात तर राहील."

"आणि दुकान?" बायकोने विचारलं.

सासऱ्यांनी जावयाकडे अत्यंत प्रेमाने पाहिलं. "चार दिवस ते बंद ठेवून कसं चालेल?"

पहिल्या तारखेला गुरुवार होता. जावई खिडकी नसलेल्या त्या जागेत प्लास्टिक घातलेल्या त्या खुर्चीवर जाऊन बसला. सकाळपासून अकरा जणांनी पाऊण इंची मागितलं. पाऊण इंची काय, हे त्याने पहिल्या दोघांना विचारलं, पुढे विचारणं सोडून दिलं. ते चार दिवस सासरे डोंगरातच मुक्काम करत, आणि संध्याकाळी कंपनीच्या गाडीचा ड्रायव्हर त्यांची चिठ्ठी घेऊन यायचा. माडवाल्यासाठी दोर, कुंभारासाठी बटण, आजींसाठी बारीक पक्कड. पुढच्या गुरुवारपासूनही तेच.

दुसऱ्या रविवारी आलेली चिठ्ठी जरा लांब होती. वळणदार अक्षरात लिहिलं होतं:

"ब्रेकची रबरं दोन जोड्या पाठवा. आधीची पार झिजली. ब्रेक दाबत गेलं की उतार जास्त वेळ पुरतो, हे तुम्ही मला पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं."

जावयाने चिठ्ठी दोनदा वाचली. मग वरच्या फळीवरून रबरांच्या तीन जोड्या काढून ड्रायव्हरकडे दिल्या, एक जास्तीची असू दे म्हणाला. ड्रायव्हर गेला. मग त्याने खुर्चीवरचं प्लास्टिक दोन्ही हातांनी टराटरा फाडून काढलं आणि निवांत टेकून बसला.