पिलांच्या परीक्षेची आणि ठिपकी कुत्रीची हकीकत

श्रीगणराय प्रसन्न असोत. ऐकणाराचे कान आणि ज्याच्या दारी श्वान असेल त्याचे दार, दोन्ही शाबूत राहोत. शके सोळाशे नव्व्याण्णव, हेमलंबी नाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी गडावर पिलांची परीक्षा जाहली, तिचा मजकूर ऐसा जे, या राज्याची चाल होती की, शिकारखान्यातील पिले दोन महिन्यांची जाहली म्हणजे भर दरबारी आणावी, त्यांपुढे नगारा वाजवावा, मग भाकरीचा तुकडा जड टोपलीखाली झाकावा, आणि दप्तरदार गणोपंत यांनी प्रत्येकाचा स्वभाव कागदी लिहून वर मोहर करावी. मोहर जाहली की जाहली; मग कुत्र्याने जन्मभर कागदाप्रमाणे वागावे! शूर ठरेल त्यास महादरवाजाची चाकरी, आणि भित्रे ठरेल त्याची गडाखाली रवानगी; आणि खाली रानात बिबटे बहुत.

शिकारखान्याचे जमादार सटवोजी घुले, तीस साले कुत्र्यांत वावरलेले, माणसांपेक्षा कुत्र्यांशी अधिक बोलत, ऐसी खुद्द त्यांचे कुटुंबाची तक्रार. त्यांनी एकाच वेताची सहा पिले हजर केली. नगारा वाजताच रणधुमाळ नामे पिलू नगाऱ्यावरच धावले आणि दरबाराने "वाहवा!" केली, आणि ठिपकी नामे पिलू भेदरून बिछायतीवर मुतले, आणि बिछायत नवी होती. मग टोपली उपडी घातली. रणधुमाळाने तीस टकरा दिल्या, तिघे भोवती भुंकत फिरले, एक तर तेथेच निजले. आणि ठिपकीने एकदा नाक लाविले, हे आपल्याने उचलत नाही ऐसे समजताच मागे वळली आणि सटवोजींचे तोंडाकडे पाहत बसली. गणोपंतांनी लिहिले, "भित्री, आणि आळशीही," आणि मोहर उचलली.

"पंत, हात आवरा!" सटवोजी ओरडले, आणि मग भान येऊन महाराजांस मुजरा करून बोलले, "महाराज, भेदरली हे खरं. पण डोकं बघा तिचं! आपल्याला जमत नाही हे कळलं, आणि कुणाला विचारावं हेही कळलं. एक साल द्या." पंत म्हणाले, "आणि सालाने काही निपजले नाही तर?" "तर तिच्यासंगे मीही गड उतरेन." झाले! बोलून बसले, आणि मग घाम फुटला, कारण गडाखाली त्यांस ना घर ना दार. महाराज हसले आणि मोहर पुढल्या दसऱ्यापर्यंत थांबली. घरी कुटुंबाने मात्र जमादारांची अशी खरडपट्टी काढली की शेजारचे तीन दिवस नजर चुकवीत होते.

मग साल सरू लागले. ठिपकी अंगाने वाढली, परंतु ढोल वाजला की खाटेखाली. भाद्रपद आला तरी तेच, आणि सटवोजींचे अन्न गोड लागेना. मग शके सतराशेचा दसरा उजाडला, तोच निकालाचा दिवस. शेजारील दौलतीचे वकील नजराणा घेऊन पालखीतून महादरवाजी आले, महाराज सामोरे उभे, पंत कागद घेऊन उभे, सटवोजी ठिपकीस घेऊन उभे, आणि सलामीची तोफ उडाली. रणधुमाळराव, मोहरबंद शूर, शेपूट घालून पळाले ते थेट पालखीत, आणि वकिलांचे मांडीवर चढून त्यांसच दात दाखवू लागले! वकिलांचे पागोटे पडले, भोई गळाठले, वकिलांचे स्वारांनी तलवारी उपसल्या आणि गडकऱ्यांनी भाले रोखले. सणाच्या दिवशी रक्त सांडावयाची वेळ आली. सटवोजींनी खाली पाहिले. ठिपकीचे कान पडले होते, अंग लटलट कापत होते. परंतु ती जागची हलली नव्हती, आणि पालखीकडे एकदा पाहून सटवोजींकडे पाहत होती. "जा बाई," सटवोजी हळूच म्हणाले, "आण त्याला." मग ठिपकी तलवारींमधून गेली, पालखीत चढली, भावाचा कान दातांत धरिला आणि त्यास खाली ओढून आणिले. आधी वकील हसले, मग भोई हसले, आणि मग तलवारी म्यान जाहल्या.

महाराजांनी कागद मागितला. पंत चाचरत म्हणाले, "पण महाराज, लहानपणी ती नगाऱ्यास भ्याली, हे दप्तरी आहे!"

"भ्याली होती, पंत," सटवोजी ठिपकीचे डोके कुरवाळीत बोलले. "आजही भ्यालीच होती. भीत भीतच गेली ती."

सारांश, ठिपकी महादरवाजी रुजू जाहली आणि सटवोजी गडावरच राहिले. नगाऱ्याची शूरता साल टिकेल ऐसा भरवसा नाही. टोपलीपाशी दिसली ती अक्कल पुष्कळ अंशी टिकली. आणि निजणारे पिलू निजणारेच निघाले. परीक्षा आजही होते, गणोपंत आजही मोहर करितात, फक्त महाराजांचे आज्ञेने प्रत्येक स्वभावाआधी एक शब्द लिहितात, "तूर्त."