सगळ्यांच्या पडद्यावर पुष्पावतीबाई

गुंडूरावांनी ठरवलं होतं ते एवढंच, की ऑफिसातल्या आपल्या कॉम्प्युटरवर बायकोचा फोटो लावायचा.

पुष्पावतीबाईंना जाऊन अजून वर्ष व्हायचं होतं. घरच्या भिंतीवर, हार घातलेल्या फोटोत, त्या अगदी गप्प होत्या; आणि गप्प बसलेल्या पुष्पावतीबाई गुंडूरावांच्या ओळखीच्याच नव्हत्या. ओळखीचा फोटो वेगळा होता. भाच्यानं नकळत काढलेला. बोट वर, कपाळाला आठी, तोंड अर्धं उघडं. ओला टॉवेल पलंगावर टाकल्याबद्दल त्या नवऱ्याला बोलत होत्या, त्या क्षणीचा.

अडचण एकच. हेब्बाळच्या त्या सरकारी ऑफिसात प्रत्येक पडद्यावर संस्थेचं बोधचिन्हच दिसावं, असा नियम सर्व्हरवर घातलेला होता आणि तो घालणारे नेटवर्क इन्चार्ज होते खुद्द गुंडूराव. (अकाउंट्समधून त्यांना इथं आणलं, कारण ते जाडजूड मॅन्युअल शेवटपर्यंत वाचणारा दुसरा कोणी सापडला नाही.) सकाळी लॉग ऑन केलं, की नियम आपोआप लागू होई आणि चिन्ह जागेवर येई. म्हणून गुंडूरावांनी स्वतःच्या नावापुरता अपवाद करायचं ठरवलं. नियमांच्या खिडकीत दोन चित्रं शेजारीशेजारी होती : एक त्यांच्या नावाचं, दुसरं सगळ्यांचं. डोळ्यांत पाणी असताना माउस धरू नये, हे मॅन्युअलात कुठंच लिहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडलं आणि टेबलाटेबलावर पुष्पावतीबाई बोट उगारून उभ्या राहिल्या.

"अण्णा, ह्या कोण हो?" टायपिस्ट रूपश्रीनं गुंडूरावांना दबक्या आवाजात विचारलं. "कोणी का असेनात, मी पत्त्यांचा गेम बंद केला बघा."

स्टोअरच्या मंजुनाथनं तर पडद्याला नमस्कारच केला. चहाला गेलेली माणसं चहा पिऊन लगेच परत आली. ऑफिसात असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

नाशिकहून नुकतेच बदलून आलेले साहेब विश्वासराव यांनी गुंडूरावांना केबिनमध्ये बोलावलं.

"ह्या बाई कोण?"

"आमच्या मिसेस, सर."

"मग त्यांना घरी राहू द्या की!"

"घरी नाहीत सर त्या."

"माहेरी गेल्यात?"

"नाही सर."

"रागावून गेल्या की काय?"

गुंडूरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "जाताना थोड्या रागावलेल्याच होत्या, सर."

"मग समजूत काढा, घेऊन या! इथं कुणाचेच घरगुती फोटो नकोत. तुमचासुद्धा नको."

"आता नाही यायच्या, सर," गुंडूराव म्हणाले. विश्वासरावांनी गुंडूरावांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. नंतर बराच वेळ ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले.

गुंडूरावांनी नियमाच्या चौकोनातली खूण काढली. चौकोन करडा झाला. पण दुसऱ्या सकाळी पुष्पावतीबाई जिथल्या तिथं. मंजुनाथ हळूच म्हणाला, "अक्का जायला तयार नाहीत, अण्णा."

गुंडूरावांनी मॅन्युअल उघडलं. चौकोन करडा असणं म्हणजे 'जे आहे ते तसंच राहू दे'. नियम मागं घेतला, तरी त्यानं केलेला बदल मागं जात नाही. घालवायचं असेल तर चौकोन पांढरा करून स्पष्ट 'नाही' म्हणावं लागतं.

एवढ्या वर्षांच्या संसारात पुष्पावतीबाईंना स्पष्ट 'नाही' म्हणायची गुंडूरावांची छाती झाली नव्हती. (एकदा म्हणाले होते, उपम्याला. पुढं आठवडाभर उपमाच होता.) माउसवर बोट ठेवून ते बसून राहिले. मग त्यांनी मान दुसरीकडं वळवली आणि बटण दाबलं.

"सगळ्यांनी एकदा लॉग ऑफ करून परत या," त्यांनी सांगितलं.

"स्वल्प दिवस राहू द्या की, अण्णा," रूपश्री म्हणाली. पण पडदे एकेक करून कोरे होत गेले. गुंडूरावांचाही झाला.

उरला फक्त साहेबांचा. विश्वासराव कधी लॉग ऑफ करतच नसत. नुसता पडदा बंद करून घरी जात. त्यामुळं नवा नियम तिथवर पोचलाच नव्हता.

"सर, एकदा लॉग ऑफ केलंत तर जातील त्या."

"माझं काम अर्धवट आहे," विश्वासराव पडद्याकडं बघत म्हणाले. "बघू, होईल कधीतरी. तुम्हाला काही तपासायचं असलं तर येत जा मधूनमधून." मग थोड्या वेळानं, "बोट कुणाला दाखवतायत?"

"मला, सर. ओला टॉवेल पलंगावर टाकला होता."

"आज कुठं टाकलात?"

गुंडूरावांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली.

घरी टॉवेल पलंगावरच होता. गादीवर ओला डाग उमटला होता. टॉवेल उचलून गुंडूरावांनी मागच्या दोरीवर नीट, दोन्ही टोकं जुळवून वाळत घातला. मनाला जरा बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी आपण काहीतरी त्यांच्या मनासारखं केलं, असं म्हणत ते मागं वळले.

दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून दोरीपर्यंत, स्वच्छ फरशीवर, त्यांच्या बुटांचे ठसे उमटले होते.

आणि ह्यासाठी बोलतानाचा फोटो कुणी काढलेलाच नव्हता.