कुशीवर पडलेलं जहाज

आमचे शेजारी बबनभाऊ शेलार जिना उलटे उतरतात. तोंड पायऱ्यांकडे, पाठ खालच्या माणसाकडे, दोन्ही हात कठड्याला. तुंगार्लीतल्या दुमजली इमारतीत मी राहायला आलो, तेव्हा माझी पहिली ओळख त्यांच्या पाठीशीच झाली. मी म्हणालो, "नमस्कार, मी खालच्या मजल्यावर आलोय. वर पाणी येतं का हो?"

पाठ म्हणाली, "बघून सांगतो."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. चहा घेणार का, बघून सांगतो. तब्येत कशी आहे, बघून सांगतो. आणि नुसतं बोलायचं म्हणून नाही, खरोखर आत जातात, थोडा वेळ थांबतात आणि येऊन सांगतात, "बरी हाय."

बबनभाऊ मूळचे वडिवळ्याचे, भातशेती करणाऱ्या घरातले. तरुणपणी नौदलात शिरले, तिथे पाणबुडे झाले; जिना उलटा उतरायची सवय जहाजांवरच्या शिड्यांची. ती नोकरी संपल्यावर एका परदेशी कंपनीसाठी समुद्रात बुडालेली जहाजं तपासत देशोदेशी हिंडले. आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. एकटे राहतात आणि दिवसातून निदान एकदा "आपल्या जहाजा"बद्दल बोलतात.

या जहाजाने माझा फार गोंधळ उडवला. पहिले सहा महिने मला वाटत होतं, ते तुंगार्लीच्या तलावात बुडालंय. कारण बबनभाऊ तलावाकडे हात करून म्हणायचे, "आपलं जहाज ह्याच्या चौपट खोल हाय." मी भूगोलाचा शिक्षक. तलावात एवढं जहाज कसं मावलं, हे त्यांना विचारायची मला लाज वाटे. शेवटी एकदा धीर करून विचारलंच.

"तळ्यात?" ते माझ्याकडे बघत राहिले. "मास्तर, लढाईतलं जहाज हाय ते. दुसऱ्या महायुद्धातलं. लांब, परक्या मुलखात, बंदराच्या तोंडाशी पडलंय."

"शत्रूने बुडवलं?"

"न्हाई. त्यांचं त्यांनीच. दुश्मन जवळ आलता. जहाज त्याच्या हाती लागू नये म्हून तळाचं व्हॉल्व उघडलं नि पाणी आत घेतलं."

"मग यात जिंकलं कोण?"

"त्ये मला इचारू नका. मी फकस्त व्हॉल्व मोजलं."

असे चार व्हॉल्व होते. एकेका व्हॉल्ववरचं शेवाळ आणि शिंपले खरवडून तो उघडा आहे की बंद, हे बघायला बबनभाऊंना खाली पाठवलं होतं. त्यांनी बघितलं, वर येऊन अहवाल दिला, चारही उघडे. या गोष्टीला बरीच वर्षं झाली.

गेल्या साली भातकापणी उरकली आणि त्या कंपनीची मेल आली. इंग्रजी मेल वाचायचं काम माझ्याकडे असतं. आता ते जहाज कापून काढायचं ठरलं होतं. व्हॉल्व उघडा असेल तर त्यामागच्या कप्प्यात समुद्राचंच पाणी. पण एखादा बंद राहिला असेल, तर मागे जुनं तेल आणि वायू कोंडलेला असू शकतो आणि कापायची ज्योत लागली की पाणबुड्यांच्या जिवावर बेतेल. मधल्या वर्षांत तळ पुन्हा शिंपल्यांनी भरून गेला होता, कॅमेऱ्यात काही दिसत नव्हतं. चारही उघडे होते हे नक्की आहे का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.

मी वाचून दाखवलं. बबनभाऊ म्हणाले, "बघून सांगतो." उठून आत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. बराच वेळ वाट पाहून मी दार ओढून घेतलं आणि खाली आलो.

चार दिवसांनी म्हणाले, "मास्तर, रविवारी मोकळं हाय का? वडिवळ्याला जायचंय. जहाज आखायचं हाय."

मी हो म्हणालो. कशाला हो म्हणतोय ते मला कळलं नव्हतं.

वडिवळ्यात त्यांचा धाकटा भाऊ महादू शेती बघतो. त्याची खाचरं कापून मोकळी झाली होती. बबनभाऊंनी क्रिकेटच्या मैदानावर टाकतात ती फक्की दोन पोती आणली होती. आम्ही दोरी धरून पांढऱ्या रेघा मारायला लागलो. जहाज तीन खाचरांत मावलं. मधले बांध म्हणजे कप्प्यांच्या भिंती. मला जरा समजतंय असं वाटत होतं तेवढ्यात बबनभाऊ म्हणाले, "आता ध्यान ठिवा. जहाज कुशीवर पडलंय. म्हंजे ही जमीन न्हाई, ह्ये भित्ताड हाय. जमीन तिकडं." आणि त्यांनी गावाजवळच्या धरणाच्या भिंतीकडे हात केला. त्यानंतर मी विचार करणं सोडून दिलं.

दहा वाजेतो गाव जमलं. वडिवळ्यात कुणी पांढऱ्या रेघा मारल्या तर त्याचा अर्थ एकच, जमीन जाणार. कुणी म्हणालं रस्ता, कुणी म्हणालं रिसॉर्ट.

भागूमावशींनी सरळ विचारलं, "बबन, काय रं करतुयास?"

"जहाज तपासतोय, मावशी."

"धरणात पडलंय व्हय?"

"न्हाई. समुद्रात."

मावशींनी रेघांकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "लय दिस झालं का ह्येला आसं?"

शेजारच्या खाचराचा मालक घाबरून महादूकडे गेला. "माजं कुटंवर जातंय?"

महादूने मान वर न करता सांगितलं, "तुझं इंजिनात चाललंय."

त्या माणसाने तलाठ्यांना फोन लावला. तलाठ्यांनी फोनवर मला विचारलं, मोजणी कोणत्या खात्याची? मी भूगोलाचा शिक्षक असल्याचं सांगितलं, त्यावर त्यांचा संशय आणखी वाढला.

बबनभाऊंचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. त्यांनी कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक माझ्या हातात दिलं, डोळे मिटले आणि धसकटांत उजव्या कुशीवर आडवे झाले. मग सरपटायला लागले. डावा हात उताणा पुढे, तळव्याची मागची बाजू जमिनीला लावत. अंधारात धार लागली तर तळवा वाचावा म्हणून पाणबुडे असंच चाचपतात म्हणे. पहिल्या व्हॉल्वपाशी पुटपुटले, "चाक काढून फेकलंय. उघडा." दुसऱ्यापाशी तेच. हसणारी माणसं हळूहळू हसायची थांबली.

तिसऱ्यापाशी ते थांबले. हात हवेत वर गेला, काहीतरी धरल्यासारखी बोटं मिटली आणि तशीच राहिली. मी दोरीला दोनदा हिसका दिला. उत्तर नाही. मी जवळ गेलो तेव्हा त्यांचे डोळे उघडे होते.

"ह्योच त्यो," ते म्हणाले. "मला तिसरा का चवथा तेवढंच आठवत नव्हतं."

माणसं जेवायला पांगली. आम्ही दोघं बांधावर बसलो. मी विचारलं, "म्हणजे हा बंद होता? मग अहवालात उघडा कसा लिहिलात?"

"बाकीच्या तिघांची चाकं काढून फेकलेली, कुणी परत फिरवू नये म्हून. ह्येचं चाक जागेवर व्हतं. चाकात लोखंडी दांडा घातलेला, बंद करायच्या अंगानं. कुणीतरी उघडलेला व्हॉल्व परत बंद केलता मास्तर. सगळा जोर लावून. तवर बाकीच्यांतनं पाणी आत आलं असणार."

"हुकूम मोडून?"

"व्हय. ज्यानं रोज त्येल घालायचं, पुसायचं, त्यालाच बुडवाय सांगितलं असंल. न्हाई सोसलं त्याला. मी लिवलं असतं तर त्यांच्या कागदात लागलं असतं, एकानं कच खाल्ली."

"पण तो कोण होता, हे कुणालाच माहीत नाही."

"म्हून तर. त्याच्या बाजूनं बोलाय कोण हाय?"

मी हातातली दोरी गुंडाळायला लागलो. एवढी वर्षं हा माणूस एका अनोळखी, परक्या खलाशाची चूक आपल्या सहीखाली झाकून बसला होता. आणि आता त्यामुळे दुसरं कुणीतरी मेलं असतं.

"मेल लिवा," बबनभाऊ म्हणाले. "तिसरा बंद हाय. मागं जपून हात घाला. माजी चूक झाली, मला नीट दिसलं न्हाई."

"दांड्याचं लिहू?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी नाही लिहिलं.

दोन महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. मी ते त्यांच्या खोलीत बसून वाचून दाखवलं. तिसरा व्हॉल्व बंदच निघाला. मागच्या कप्प्यात तेल होतं. ते आधी उपसून घेतलं, कुणाला काही झालं नाही. त्यांनी बबनभाऊंचे आभार मानले होते. यापुढे त्यांच्या जुन्या अहवालांवर विसंबता येणार नाही, असंही सौम्य शब्दांत लिहिलं होतं. मी ते वाक्य गाळणार होतो, पण ते म्हणाले, "वाचा की." मी वाचलं.

मग त्यांनी विचारलं, "कप्प्यात आणि काय गावलं? माणूस-बिणूस?"

"तसं काही लिहिलेलं नाही."

"वर आला असंल ना त्यो?"

"आला असणार," मी म्हणालो. "मी शोधून वाचलंय. बुडायच्या आधी सगळे खलाशी सुखरूप उतरले, असं लिहिलंय."

बबनभाऊ उठून खिडकीशी गेले.

"लिवलंय खरं," ते म्हणाले. "पर लिवलं तर मीबी व्हतं."